पुराचा गाळ बसलेलं गावचं मैदान: गोल्फच्या मैदानावरची विद्या इथं चालेल का?

वेदगंगाकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आमचं गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठावर. जत्राट-भिवशी आणि अक्कोळ-सिदनाळ बंधारे पाण्याखाली गेले की आमच्याकडं लहान पोरालाही कळतं, आता पाणी मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात येणार. यंदा ते मळी ओलांडून शाळेमागच्या मैदानावर आलं आणि सहा दिवस तिथंच बसलं. २०१९ एवढं पाणी नव्हतं, पण गाळ भरपूर टाकून गेलंय. वरच्या अंगाला इंचभर, ओढ्याच्या बाजूला चार इंच.

मैदान साधारण २५० फूट बाय २०० फूट. गावात एवढी एकच मोकळी जागा. मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांची पोरं इथंच खेळतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या भरतीची स्वप्नं बघणारी वीस-पंचवीस पोरं पहाटे पाचला इथंच पळतात. सकाळी बायका चालायला येतात.

रविवारी श्रमदान करायचं ठरवलंय. चाळीसेक पोरं येतील. पण काय करायचं यावरच दोन तट पडलेत. एक गट म्हणतोय जेसीबी लावा, खरवडा, वर मुरूम टाका, रोलर फिरवा, दोन दिवसांत काम खलास. माझा चुलतभाऊ बेळगावच्या गोल्फ मैदानावर काही वर्षं कामाला होता. तो म्हणतोय, ओल्या मैदानावर यंत्र घातलंत तर मैदान गेलं समजा. त्याला पद्धत आठवते, कारण सांगता येत नाही. गवताचं जाणणारं कुणी आहे का इथं?

दुसरा प्रश्न मनात टोचतोय. गावात काही घरांच्या भिंती पडल्यात. अशा वेळी मैदानासाठी माणसं गोळा करणं बरोबर आहे का?

निपाणीकर_आजोबा

जेसीबी लावू नका. आमच्या गल्लीमागच्या पटांगणात २००५ च्या पुरानंतर लावला होता. चिखलात त्याची चाकं गुडघाभर रुतली, मग तो काढायला दुसरा आणला. पुढं कित्येक वर्षं त्या चाकोऱ्यांत पाणी साचायचं.

२०१९ ला यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला, तेव्हा ट्रकवाल्यांना आम्ही पोरंसोरं मिळून झुणका-भाकरी पोचवत होतो. माणसं गोळा करायची ताकद आपल्याकडं हाय. ती कुठं लावायची, एवढंच ठरवायचं असतंय.

खानापूरची_लेक

माझं मत स्पष्ट सांगते, राग मानू नका. आधी घरं, मग शाळा, मग पाणी आणि शेवटी मैदान. माझं माहेर मलप्रभेच्या काठी. २०१९ ला आमच्या आईच्या घराची मागची भिंत बसली. तेव्हा गावातल्या मंडळानं आधी कुठलं काम हाती घेतलं असेल तर चौकातला कट्टा रंगवायचं. आई भिजलेली जोंधळ्याची पोती एकटी उन्हात ओढत होती. मला ते आजही विसरता येत नाही. चाळीस पोरं असतील तर प्रत्येक पडक्या घरामागं चार पोरं द्या. मैदान कुठं पळून जात नाही.

वेदगंगाकाठ

ताई, राग कसला. हाच प्रश्न मला झोपू देत नाहीये. घरातला गाळ काढायचं, भांडी-धान्य बाहेर काढायचं काम पोरांनी पाणी ओसरलं त्या दिवसापासूनच केलंय. पडक्या भिंतींना मात्र हात लावता येत नाही, कारण पंचनामा व्हायचाय. तलाठी येऊन बघून जाईपर्यंत माती हलवू नका असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

खानापूरची_लेक

हे बरोबर केलंत. २०१९ ला पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले होते, आणि ज्यांनी घाईनं माती उचलून जागा साफ केली त्यांना घर किती पडलं होतं हे दाखवता दाखवता नाकी नऊ आले. चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, फोटोत घराचा नंबर दिसू दे. तरी माझं म्हणणं तेच. पंचनामा झाला की पोरं तिकडं वळली पाहिजेत.

हरळी

उशिरा बघितला धागा. मी मूळचा हुक्केरी तालुक्यातला. पुण्यातल्या एका गोल्फ मैदानावर ११ वर्षं माळी म्हणून काम केलं. त्यात दोनदा नदीचं पाणी आत आलं. तुमचा भाऊ शंभर टक्के बरोबर बोलतोय. कारण मी सांगतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, घाबरू नका. तुमच्या मैदानावर जे गवत आहे ते बहुतेक हरळीच असणार. गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती हीच, आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा. त्यांनी तिचे बारीक पानाचे संकर केलेत एवढंच, कूळ एक. ग्रीनवर, म्हणजे जिथं झेंडा आणि होल असतं तिथं, ती ३-४ मिलिमीटरवर कापतात. एवढी छाटणी सोसणारी वनस्पती सहा दिवसांच्या पाण्यानं मरत नाही. पाण्याखाली ती निपचित पडून राहते. मरते ती गाळाखाली. गाळाचे कण पिठासारखे बारीक. ते वाळले की वर पापुद्रा धरतो, खाली हवा जात नाही, ऊन लागत नाही, आणि मुळं कुजायला लागतात.

म्हणून गाळ ओला असतानाच काढायचा. पातळ रबडीसारखा असतो तोवर तो गवतावरून सरकतो. घट्ट झाला की गवताला उपटून घेऊन निघतो. आम्ही पाणी उतरत असतानाच आत शिरायचो. लाकडी फळीला लांब दांडा लावून गाळ उताराकडं ओढत न्यायचा. खोऱ्यानं खरवडायचा नाही, खोरं मुळाला लागतं. ओढून झालं की पाण्याचा फवारा मारून पानं धुवायची. चार इंच असेल तिथं सगळा निघणार नाही. पाऊण इंच राहिला तरी चालेल, हरळी तेवढ्यातून वर येते.

आता यंत्राचं. ओल्या मातीवर वजन पडलं की मातीतली पोकळी दाबली जाते. त्या पोकळीतूनच पाणी खाली जातं आणि मुळाला हवा मिळते. एकदा दाबली की मैदान परातीसारखं होतं, पुढच्या साध्या पावसातही तळं. चाळीस माणसं अनवाणी किंवा गमबूट घालून चालली तर काही बिघडत नाही. एक ट्रॅक्टर बिघडवतो.

आणि मुरूम! तो गट कोण आहे त्यांना माझा हात जोडून निरोप द्या. गाळावर मुरूम टाकणं म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणं. मातीचे असे वेगवेगळे थर बसले की पाणी थरापाशी अडतं, मूळही तिथंच थांबतं. नवीन ग्रीन बांधताना खाली खडी आणि वर फूटभर वाळूमिश्रित माती मोजूनमापून भरतात ती पाण्याचा निचरा हिशेबात धरून. अंदाजानं टाकलेला थर तसा वागत नाही.

कडोली_शिवार

हरळीराव, वाचून छाती भरून आली! आमच्या तीन पिढ्या हरळी खणून काढण्यात गेल्या आणि तुम्ही तिला जगवायची विद्या शिकवालाय. 😀 बांधावरची एक कांडी चुकून राहिली की पुढच्या वर्षी भाताच्या खाचराच्या कडेनं ती हजर. तुमच्या मैदानाला काही होत नाही बघा. आमच्या शेतातनं दोन बुट्ट्या घेऊन जावा.

गंमत बाजूला. गाळ फेकू नका. नदीचा पोयटा आहे तो. ऊसवाले दारात येऊन नेतील.

आशा_चिकोडी

गाळ ओला असतानाच काढा हे वाचून मी धडकीच भरून लिहितेय. मी आशा कार्यकर्ती आहे. पुराच्या पाण्यात उंदीर, गुरं, डुकरं सगळ्यांचं मूत मिसळलेलं असतं. पायाला साधी भेग असली तरी लेप्टो, म्हणजे उंदीरताप होऊ शकतो. अनवाणी अजिबात नको. गमबूट नसतील तर जखम असलेल्या माणसानं चिखलात उतरायचंच नाही, पाणी-चहा वाटायचं काम घ्यायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून ठेवा, प्रतिबंधक गोळी द्यायची का ते डॉक्टर ठरवतील. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पिंढऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर "पावसात भिजलो असेन" म्हणत घरी थांबू नका. पुरात काम केलंय हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि साप. पाण्यानं बिळं भरली की घोणस, मण्यार कुंपणाच्या कडेला, लाकडांच्या ढिगाऱ्यात येऊन बसतात. ढिगाऱ्यात हात घालायच्या आधी काठी घाला.

हरळी

आशाताईंचं बरोबर, माझं चुकलं. आम्हाला बूट मिळायचे आणि मी अनवाणी असं सहज लिहून गेलो. तो शब्द खोडला समजा.

टिळकवाडी_११

सापावरनं आठवलं. बेळगावचं गोल्फ मैदान म्हटलं की आमच्या घरात अजून बिबट्याच आठवतो. २०२२ चा ऑगस्ट. जाधवनगरात दिसला आणि मग गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरून बसला. आसपासच्या शाळा बंद, शिवमोग्याच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले, ड्रोन उडाले, सापळे लागले, आणि तो काही घावला नाही. माझी धाकटी रोज सकाळी विचारायची, "बाबा, बिबट्या सापडला का? म्हणजे शाळा आहे का?" तिचं एवढं प्रेम त्याआधी कुठल्या प्राण्यावर नव्हतं.

निपाणीकर_आजोबा

आमच्याकडं बिबट्या नाही आला, पण पुरानंतर दोन वेळा शाळेच्या वऱ्हांड्यात मगर आल्याची आवई उठली. दोन्ही वेळा ओंडका निघाला. पोरांनी सुट्टी मात्र घेतली.

तालीममास्तर

मैदानाच्या कडेला तालीम आहे का हो तुमच्या? असली तर माझं ऐका. २०२१ च्या जुलैत आमच्या तालमीत कमरेएवढं पाणी होतं. आखाड्याची लाल माती, वर्षानुवर्षं हळद, ताक, तेल, लिंबू घालून कमावलेली. पाणी उतरल्यावर हातात घेतली तर तिला वास मारत होता आणि मुठीत धरल्यावर बोटांच्या फटींतनं सुटतच नव्हती. वस्ताद दहा मिनिटं कडेला नुसते बसून होते. मग म्हणाले, काढा सगळी.

दोन फूट माती आम्ही पाटीनं बाहेर काढली. काहीजण म्हणत होते वाळवून परत घाला, जुनी माती आहे, पुण्याई आहे तिची. वस्तादांनी ऐकलं नाही. पैलवानाच्या अंगाला रोज खरचटतं, त्यात ती घाण जाऊ द्यायची नाही म्हणाले. नवीन माती चाळून, काव घालून, परत सगळं हळदीपासून. मैदानाचं गवत धुऊन येईल, आखाड्याची माती धुऊन येत नाही. तिथं काटकसर नको.

वेदगंगाकाठ

तालीम आहे मास्तर, वरच्या अंगाला. देवाच्या कृपेनं उंबऱ्यापर्यंतच पाणी आलं.

हरळीदादा, दोन शंका. एक, ओढ्याच्या बाजूचा गाळ घट्ट व्हायला लागलाय, रविवारपर्यंत थांबलो तर वाळेल. दोन, काढलेला गाळ किती भरेल? ट्रॅक्टरवाल्याला सांगायचंय.

हरळी

रविवारची वाट बघू नका. उद्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर दहा माणसं घेऊन ओढ्याकडची बाजू ओढून घ्या.

हिशेब असा. २५० गुणिले २०० म्हणजे ५०,००० चौरस फूट. सरासरी दोन इंच धरला तर ८,३०० घनफुटांच्या वर, म्हणजे ८३ ब्रास. घाबरायचं नाही, सगळा उचलायचाच नाही. निम्मा फळ्यांनी ओढला की ओढ्याकडच्या कडेला जमा होईल. ट्रॅक्टर कडेच्या रस्त्यावर उभा करा, मैदानात चाक घालू देऊ नका. ओढ्यात मात्र ढकलू नका, नाहीतर पुढच्या पावसात तो तुमच्याच अंगावर येईल.

गाळ निघाला की भोकं पाडायची. गोल्फवाले पोकळ नळीच्या यंत्रानं मातीच्या कांड्या बाहेर काढतात. नुसती पहार खुपसली तर माती बाजूला दाबली जाते, कांडी निघाली तर जागा मोकळी होते. तीन-चार इंच खोल, वीतभर अंतरावर. मग भोकांत जाडसर वाळू झाडून घालायची. नदीची वाळू नकोच, परवानगीचं लफडं, एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालेल.

गडहिंग्लजकर

आमच्याकडच्या एका वेल्डरनं असलं अवजार करून दिलं होतं. अर्ध्या इंची जीआय पाइपचे सहा-सहा इंचांचे चार तुकडे, एका टोकाला तिरकी धार, वर लोखंडी पट्टी आणि टी आकाराची मूठ. पट्टीवर पाय देऊन दाबायचं, उचलायचं. पाइपच्या मागच्या अंगाला खाच ठेवा, म्हणजे आत अडकलेली माती निघून येते. भंगारातला पाइप वापरला तर खर्च फक्त वेल्डिंगचा. आमची दोन पडून आहेत. शनिवारी संध्याकाळी कागलपर्यंत मी आणतो, पुढं तुमचा माणूस पाठवा.

वेदगंगाकाठ

दादा, शब्द नाहीत. माणूस पाठवतो.

कडोली_शिवार

एक विचारतो, भांडायला नाही. गोल्फ मैदानावर खतं, औषधं, पाणी ढीगभर लागतंय. आमच्या गावच्या मैदानाला ते परवडणार हाय का? आणि ज्या मैदानावर आपल्या पोराला पाय ठेवता येत नाही तिथली विद्या इथं कशाला?

हरळी

परवडणार नाही आणि लागणारही नाही. पुरानंतर पहिले काही आठवडे युरिया तर टाकायचाच नाही. अशक्त मुळाला तो झेपत नाही, आणि गाळातून बरंच आलेलं असतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. ११ वर्षं त्या मैदानावर मी गुडघ्यावर बसून काम केलं. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, रोज जागा बदलून नवा कापायचा, तो हजारो वेळा माझ्या हातांनी कापलाय. खेळलो एकदाही नाही. आमच्यातलं कुणीच खेळलं नाही. पण ही विद्या त्या मैदानाच्या मालकांची नाही हो, ती माळ्यांची आहे. बहुतेक माळी सोलापूर, विजापूर, बेळगावकडचे, शेतातून आलेले. गवत कधी तहानलेलं आहे ते पावलाचा ठसा किती वेळ राहतो त्यावरून ओळखायचं, हे मला ज्या म्हाताऱ्या माळ्यानं शिकवलं त्याला सही करता येत नव्हती. ती विद्या गावच्या पोरांच्या पायाखाली आली तर मला त्याहून मोठं काही नको.

कडोली_शिवार

शब्द मागं घेतो. रविवारी मी येतो. फळी आणतो, घरची सागवानी आहे.

वेदगंगाकाठ (पुढचा सोमवार)

काल ५३ माणसं आली. पलीकडच्या काठावरच्या गावातली नऊ कन्नड पोरं दोन मोटारसायकली आणि एका टमटममधून आली. दरवर्षी आमच्या टूर्नामेंटला येतात, "ग्राउंड नम्दू", म्हणजे मैदान आपलंच, म्हणाली आणि थेट ओढ्याच्या बाजूला लागली. सकाळी आठ ते अकरा घरांकडं, कारण शुक्रवारी पंचनामा होऊन गेला होता. खानापूरच्या ताईंनी सांगितलं तसं एका घरामागं चार पोरं. अकरानंतर मैदान.

फळ्या सात होत्या. पहिल्या ओढीला गाळ सायीसारखा गोळा होऊन पुढं सरकला आणि मागं पिवळट, चप्पट झालेलं गवत उघडं पडलं. सगळे एकदम गप्प झाले. एका पोरानं खाली बसून ती कांडी नखानं सोलली. वरचं साल काळं, आतला गाभा पांढराहिरवा. त्यानं ती हातात धरून सगळ्यांना दाखवली. मग कामाला जो वेग आला तो दुपारच्या भाकरीपर्यंत थांबला नाही.

ओढ्याकडचा कोपरा मात्र गेला. तिथं मंगळवारीच ओढायला हवा होता, आम्ही गुरुवारी ओढला. गाळाबरोबर गवतही निघून आलं, अंदाजे दीड गुंठा.

हरळी

दीड गुंठा काहीच नाही. वरच्या अंगाचं गवत जिथं दाट आहे तिथून मुठीएवढे ठोंब काढा, फुटाफुटावर लावा, पाय देऊन दाबा. बियाणं विकत आणू नका.

खानापूरची_लेक

सकाळी आठ ते अकरा घरांकडं, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझं मत मी बदललेलं नाही, घर आधीच. पण तुम्ही ते तसंच केलंत. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे तिथं पुढचे दोन रविवारही कुणीतरी जा. भिंत उभी राहिली तरी आतली ओल महिनाभर जात नाही, माणूस त्यातच झोपतं.

वेदगंगाकाठ

जातो ताई. अशी दोन घरं आहेत, वाटून घेतलीत.

आशा_चिकोडी

कुणाला ताप?

वेदगंगाकाठ

एकाला आला होता. लगेच आरोग्य केंद्रात नेला, रक्त तपासलं, साधा निघाला. सगळ्यांची यादी करून ठेवलीय, दर दोन दिवसांनी विचारतो.

वेदगंगाकाठ (साडेतीन आठवड्यांनी)

धागा वर आणतोय. गडहिंग्लजकरांच्या अवजारानं निम्म्या मैदानाला भोकं पाडून झाली. परवा पाऊस झाला तेव्हा मुद्दाम जाऊन बघितलं. भोकं पाडलेल्या बाजूचं पाणी तासाभरात जिरलं, दुसऱ्या बाजूला संध्याकाळपर्यंत डबकी होती. मुरूमवाल्या गटातले दोघं शेजारीच उभे होते. त्यांनीच दुसऱ्या दिवशी अवजार मागून नेलं.

आणि हिरवं आलंय. आधी भोकांच्या कडेनं, वर्तुळासारखं, मग मधे. ओढ्याच्या कोपऱ्यातल्या ठोंबांना धुमारे फुटलेत, एकेक वीतभर पळालाय.

आता भरतीची पोरं रोज विचारतात, पळायला कधी सुरू करायचं? आणि गणपतीतली क्रिकेटची टूर्नामेंट धरायची की सोडायची?

हरळी

पळायला कडेकडेनं आतापासून, रोज मार्ग थोडा बदलून. स्पाइकचे बूट नकोत. टूर्नामेंट यंदा गणपतीत नको, दिवाळीला घ्या. गवत मुठीत धरून हलकेच ओढा. ठोंब निघून आला तर अजून थांबा, हाताला नुसती पानं तुटून आली तर मूळ धरलंय.

वेदगंगाकाठ

आत्ताच जाऊन आलो. वरच्या अंगाला पानं तुटली. कोपऱ्यातला एक ठोंब हातात आला, परत लावून ठेवला. टूर्नामेंट दिवाळीला. पलीकडच्या पोरांना फोन करतो.